सांगून काढणारा भानूतात्या

आमच्या गल्लीतला भानूतात्या पंखा बंद करायच्या आधी पंख्याला सांगतो. "बाबा, बंद करून राह्यलो बरं का." मंग जरा थांबतो आन बटण दाबतो. मिक्सरला सांगतो, टीव्हीला सांगतो. मोबाईलची पिन काढायची असली तरी आधी मोबाईलवर हात ठेवून "काढू का?" म्हणून इचारतो. एकदा आमच्या घरी बसला होता. शांतानं, म्हंजे माझ्या बायकोनं, गॅसवरून चहाचं पातेलं उतरवलं. तर हा म्हणतो, "वहिनी, न सांगता उतरवलंत."

"कुणाला सांगू? चहाला?"

"चहाला न्हाई, गॅसला. जो कामात हाय त्याला सांगितल्याबिगर उठवू नये. बराबर?"

"बराबर" हा त्याचा शब्द. आपण हो म्हणेपर्यंत तो पुढं बोलत न्हाई.

मी चौथी शिकलेला माणूस. सारी उमर अंबडात पिठाची गिरणी चालवली. मला लिहायची सवय न्हाई. पण आमच्या समोर राहणाऱ्या कांबळे मॅडम, रिटायर शिक्षिका, मागंच लागल्या. "आण्णा, तात्यांवर लिहा. तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत न्हाई." खोटं हाय ते. मी त्याला भिंतीच्या अलीकडून ओळखतो. त्याचं आन माझं परसदार एकाला एक लागून हाय, मधी छातीएवढी भिंत. जेवढं भिंतीवरून दिसलं तेवढं लिहितो.

भानूतात्याचा धंदा लाऊडस्पीकरचा. अंबड तालुक्यात असं एक गाव न्हाई जिथं त्याचा कर्णा झाडाला बांधला न्हाई. हळद असो, वरात असो, तात्याचं मशीन आल्याबिगर कार्य सुरू व्हायचं न्हाई. पण दुसऱ्यांची लग्नं वाजवता वाजवता ह्याचं राहून गेलं. कुणी इचारलं तर म्हणतो, "माझ्या लग्नात मशीन कुणी वाजवायचं? दुसऱ्याच्या हातात मी मशीन देत न्हाई."

पुढं डीजे आले, भिंतीएवढे डबे आले, आन तात्याचे कर्णे माळ्यावर गेले. दुसरा असता तर रडत बसला असता. ह्यानं काय केलं? घरातल्या समद्या कॅसेटी, ग्रामोफोनच्या तव्यावरची गाणी, एकेक करून लॅपटॉपात घेतली. लॅपटॉप भाच्यानं टाकून दिलेला. मंग ती समदी गाणी एका डिस्कमधी भरली. काळी, तंबाखूच्या डबीहून जरा मोठी, अशी वस्तू. ती त्यानं नेटच्या डब्याला मागून जोडली. त्या डब्याला मागं एक भोक असतंय, कुणी वापरत न्हाई. तात्यानं वापरलं. मंग आला गल्लीत सांगत, "आता ज्याच्या मोबाईलात माझं वायफाय, त्याच्या घरी माझी गाणी. नेटचा खर्चा न्हाई, काही न्हाई."

कुणाला समजंना. तर त्यानं गल्लीच्या मधोमध उभं राहून समजावलं.

"डिस्क म्हंजी पाण्याची टाकी. नेटचा डबा म्हंजी कॉक. तुमचा मोबाईल म्हंजी नळ. टाकी माझ्या घरी, नळ तुमच्या घरी. फिरवला का आलं. बराबर?"

खरात म्हणून आमच्या कोपऱ्याला राहतो, खताचं दुकान हाय त्याचं. तो म्हणला, "तात्या, नगरपालिकेच्या नळाला आठ-आठ दिस पाणी न्हाई, तुमच्या नळाला तरी येईल का?"

"माझी टाकी कधी आटत न्हाई," तात्या म्हणला. "कितीबी घ्या, कमी होत न्हाई. हाच तर गुण हाय."

जोडणी द्यायला तो सोता घरोघर फिरला. पासवर्ड कागदावर लिहून द्यायचा न्हाई, तोंडानं सांगायचा न्हाई. घरी यायचं, चहा प्यायचा, मंग मोबाईल हातात घेऊन, मतदान केल्यासारखं अंगाआड धरून एका बोटानं टाइप करायचं. आमच्या घरी तर माझ्या मोबाईलाचा चहा येगळा आन शांताच्या मोबाईलाचा येगळा प्याला.

त्या टाकीतली मांडणी एक तात्यालाच समजंल. लोक गाणी पिक्चरच्या नावानं ठिवतात, न्हाईतर गाणाऱ्याच्या. ह्यानं ठिवली कार्याच्या हिशेबानं. एक कप्पा "हळद". एक "वरात". एक "पाठवणी". एक "चौदा एप्रिल". एक "नवरदेवाला उशीर", त्यात नुसती लांब-लांब, संपता न संपणारी गाणी. एक "लाईट येईपर्यंत". एक "व्याही रुसले". कांबळे मॅडम एकदा वैतागल्या, "अहो तात्या, मला एक साधं जुनं गाणं पाहिजे, ते कुठं शोधू?"

"कोणत्या टायमाला वाजायचं ते?"

"टायमाला म्हंजे? मला आत्ता ऐकायचंय."

"मॅडम, तुम्ही रुसलात का वाट बघून राह्यलात तेवढं सांगा. मंग सापडंल."

त्याच्या मोबाईलातून लोकांच्या टीव्हीवरबी गाणं सोडता यायचं. हे त्याला सापडलं आन गल्लीवर आफत आली. खराताच्या पोरीला बघायला परतूरकडची मंडळी आल्ती. पोरगी अजून आत पोहे भरून राह्यली होती, आन बैठकीतला टीव्ही आपोआप चालू होऊन पाठवणीचं गाणं म्हणाय लागला. आता माय, आता बाप, आता अंगण सोडते, असलं काहीतरी. खराताची बायको आतून रडत बाहेर आली. ते बघून पाव्हण्यांतली एक म्हातारी रडाय लागली. खरात रिमोट हुडकतोय, रिमोट सापडंना. शेवटी पोराचा बाप डोळे पुसत म्हणला, "आता एवढं झाल्यावर न्हाई कसं म्हणायचं?" जमलं लग्न. खरं तर तात्याला ते गाणं माझ्या टीव्हीवर सोडायचं होतं, मला चिडवायला. मी शांताला माहेराहून आणायला उशीर केल्ता म्हणून.

खरात चार दिस तात्याशी बोलला न्हाई. पाचव्या दिशी लग्नात मशीन लावायचं निमंत्रण घेऊन आला.

आता ते सांगून काढायचं कुठून आलं ते सांगतो. पहिल्या डिस्कच्या टायमाला तात्याची थोरली बहीण दिवाळीला आल्ती. अक्का सफाईवाली बाई. धूळ पुसायला म्हणून तिनं डिस्कची वायर उपसली, फडकं मारलं, परत लावली. तात्या त्या टायमाला डिस्कमधी गाणी भरून राह्यला होता. निम्मी टाकी गेली. तात्या अक्काला काही बोलला न्हाई, ओवाळणी घातली, साडी दिली, आन बसस्टँडवर गाडी हलताना खिडकीतून एवढंच म्हणला, "अक्का, काढायच्या आधी तिला सांगावं लागतंय गं. तिचं काम चालू असतंय." त्या दिसापासून तो सगळ्याच वस्तूंना सांगाय लागला.

मला गाण्याचा शौक न्हाई. गिरणीनं कान नेले माझे. तात्याचे कर्ण्यांनी नेले. आम्ही दोघं बहिरे भिंतीच्या दोन बाजूंनी गाण्यावर भांडायचो. मी म्हणायचो आवाज मोठा हाय, तो म्हणायचा लागलंच न्हाई.

शौक शांताला. आन तिला त्या समद्या टाकीतला एकच कप्पा पाहिजे असायचा. "पंगत."

पंगतीची गाणी म्हंजे जेवणं चालू असताना वाजायची ती. तात्याचं म्हणणं, पंगतीचं गाणं फार गोड नसावं, माणूस खायचं थांबतो. फार नाचरं नसावं, वाढणाऱ्याच्या हातून सांडतंय. मधलं पाहिजे. असली मधली गाणी त्यानं येगळी काढून ठिवली होती. शांता सांजच्याला चूल, म्हंजे गॅस, पेटवायची, परातीत पीठ घ्यायची, मोबाईल पिठाच्या डब्यावर उभा करायची आन "पंगत" लावायची. मंग भाकरी थापायची.

मी एकदा म्हणलो, "दोन माणसाच्या सैपाकाला कशाला पाहिजे एवढं गाणंबजावणं?"

ती म्हणली, "दोनाचाच हाय म्हणून तर. हे वाजलं का वाटतंय अंगणात लोकं जेवून राह्यलेत. हात भराभर चालतो."

तिचा हात जादाच चालायचा. दोन माणसांत भाकरी नेहमी वर पडायची. ती उरलेली भाकर मंग भिंतीवरून तात्याकडं जायची, वर पिठलं न्हाईतर ठेचा. त्यात काही इशेष न्हाई. शेजारी एकटा माणूस असला तर कोणतीबी बाई तेवढं करती.

शांता गेली ती न सांगता गेली. दुपारी बाजेवर आडवी झाली, म्हणली जरा पाठ टेकते, चार वाजता चहाला उठवा. मी चारला उठवाय गेलो. बस्स. दवाखाना न्हाई, दुखणं न्हाई, एक शब्द न्हाई. लोक म्हणले, सोन्यासारखं मरण आलं. ज्याला आलं त्याला सोन्यासारखं. मागं राह्यलेल्याला काय, ते मला इचारा. मी तिच्यावर लई दिस चिडून होतो, आजबी हाय. एवढा संसार केला, जाताना हाक तरी मारावी माणसानं.

भानूतात्या मातीला आला, खांदा दिला, पण माझ्याशी बोलला न्हाई. घरी जाऊन त्यानं डिस्क बंद केली. तेरा दिस गल्लीत कुणाच्या घरी गाणं न्हाई. खरातानं इचारलं तर म्हणला, "टाकीला सुतक हाय." लोक हसले. मी न्हाई हसलो.

चौदाव्या दिशी त्यानं डिस्क लावली. गल्ली परत वाजाय लागली. माझ्या घरी मात्र न्हाई. शांताचा मोबाईल पिठाच्या डब्यावर तसाच उभा होता, बॅटरी उतरून मेलेला. मी त्याला हात लावला न्हाई, हलवलाबी न्हाई. आमची पोरगी सासरहून आल्ती, ती म्हणली मी नेते, मी न्हाई म्हणलो. डबा लावला खानावळीचा. तात्याबी त्याच खानावळीचा डबा घ्याय लागला. डब्यातली पोळी अशी असायची का चप्पल शिवायला वापरावी.

तात्याची अजून एक सवय होती, ती सांगायची राह्यली. डिस्कला एक निळा लाईट हाय. कुणी गाणं लावलं का तो लुकलुकतो, न्हाईतर गप असतो. तात्या रोज सांजच्याला डिस्कसमोर स्टूल टाकून त्या लाईटाकडं बघत बसायचा. शांता गेल्यावरबी बसायचा. लोक म्हणायचे, तात्या टाकीची राखण करतो. मी म्हणायचो, ह्याला काम न्हाई.

ह्या उन्हाळ्यात डिस्क आजारी पडली. तात्याला ऐकू तर येत न्हाई, त्याला हातानं कळलं. वासराच्या पोटाला हात लावावा तसा त्यानं डिस्कला हात लावला आन म्हणला, "आतून टकटक करून राह्यली." जालन्याला दुकानात घेऊन गेला. दुकानवाल्यानं सांगितलं, हिचा भरवसा न्हाई. नवी डिस्क घ्या, हिच्यातलं तिच्यात ओता, जल्दी करा. ओतता ओतताच बंद पडंल. जे आधी घ्याल तेवढं तुमचं.

गल्ली तात्याच्या घरात जमली. इतके दिस हसणारे समदे. लॅपटॉप चालू, एका बाजूला जुनी डिस्क, एका बाजूला नवी. तात्या मधी बसलेला, घामानं भिजलेला.

"तात्या, आधी चौदा एप्रिल घ्या," कांबळे मॅडम म्हणल्या. "दुसरीकडं कुठं मिळणार न्हाईत ती गाणी. गावातल्याच लोकांनी म्हणलेली हायेत."

"आधी हळद," खराताची बायको म्हणली. "धाकटीचं लग्न हाय."

"अरे भजनं घ्या, सकाळी काय ऐकू मी?" खरात म्हणला.

मी दारात उभा होतो. मी सगळ्यांना तोंडावर बोलणारा माणूस. गिरणीत तहसीलदाराचा गहू आला तरी म्हणायचो, लायनीत ठिवा. पण त्या दिशी मला तोंड उघडता येईना. काय म्हणू? जे मी वर्षभर लावलं न्हाई, जे माझ्या कानाला नीट ऐकू येत न्हाई, ते आधी घे म्हणू? कशाला पाहिजे म्हणले तर काय सांगू? ते कधी लावणार न्हाई मी, पण ते कुठंतरी हाय एवढं मला पाहिजे होतं. ते बी गेलं तर शांताच्या सांजा जाणार होत्या. मी चपलेकडं बघत उभा राह्यलो.

तात्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. त्यानं जुन्या डिस्कवर हात ठिवला, "बाई, जरा दम धर," म्हणला आन एक कप्पा उचलून नव्या डिस्कवर ठिवला. मी हळूहळू वाचणारा. चष्मा सावरून अक्षरं लावली.

पंगत.

"पंगत?" खरात ओरडला. "अहो, जेवताना कोण गाणी ऐकतंय आता? डोकं फिरलं का तात्या?"

"वाजवणाऱ्याच्या मर्जीनं वाजत न्हाई, खरात. ज्याचं कार्य हाय त्याच्या मर्जीनं वाजतंय. बराबर?"

"कुणाचं कार्य?"

तात्यानं घाम पुसला. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. मी दारातून हललो न्हाई. पट्टी भरली तसा तात्यानं श्वास सोडला. मंग चौदा एप्रिल घेतला, तोबी आला. भजनं आली. हळद निम्मी आली आन डिस्कनं एक मोठा ठोका दिला, मंग काहीच न्हाई. निळा लाईट विझला. वरात गेली, पाठवणी गेली, नवरदेवाला उशीर गेला. समदे हळूहळू उठून गेले. कांबळे मॅडम जाताना तात्याच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मी इचारलं, "तुझं काय गेलं ह्यात?"

"माझं काय असणार?"

"खोटं बोलू नको. मला मॅडमनी सांगितलंय, तुझा एक कप्पा होता. माइकवरचा."

तो हसला. जवान होता तेव्हा लग्नात माइकवर बोललेलं त्यानं कॅसेटीत धरून ठिवलं होतं. वधूकडच्या मंडळींनी मांडवात यावं, पाणी वाढणाऱ्यांनी दुसऱ्या पंगतीकडं बघावं, कुणाचं पोरगं हरवलंय, निळा सदरा हाय. त्याच्या जवानीचं तेवढंच काय ते उरलेलं.

"गेलं तर गेलं. आवाज हाय की माझ्या नरड्यात."

"मंग पंगत का घेतली आधी?"

तात्या मेलेल्या डिस्कची वायर हातात धरून बसला. मंग म्हणला, "आण्णा, मी हजारो पंगतींला वाजवलं. पण मशीनवाला पंगतीत बसत न्हाई, ठावं हाय ना तुला? समद्यांचं झालं, भांडी घासाय गेली, का मंग कुणाला तरी आठवतंय, अरे मशीनवाला राह्यला. मंग मशीनच्या पेटीवर बसून गार झालेलं खायचं. कधी मिळायचं, कधी न्हाई."

"मंग?"

"वहिनीनं मला कधी वर पडलेली भाकर दिली न्हाई आण्णा. ती मोजून माझी करायची. गरम यायची भिंतीवरून, हाताला चटका बसायचा. वर पडलेली अशी गरम नसती." त्यानं डिस्ककडं बोट केलं. "सांजच्याला समदी गल्ली टीव्ही बघत असती. त्या टायमाला माझ्या टाकीवर कुणी नसायचं. लाईट लुकलुकला म्हंजी वहिनीनं परात घेतली. मंग मी उठायचो, ताट धुवायचो आन भिंतीपाशी जायचो. आपल्यासाठी पंगत बसली म्हणून आधी ताट धुवून उभं राह्यचं, हे मला त्या लाईटानं दाखवलं. बराबर?"

मी बराबर म्हणलो न्हाई. ह्या टायमाला तो माझ्या होसाठी थांबलाबी न्हाई.

"अजून धुतो ताट," तो म्हणला. "सवय. लाईट लागत न्हाई, पण धुतो. मंग त्यात डबा ओततो."

मंग त्यानं जुन्या डिस्कवर हात ठिवला. "काढून राह्यलो बाई," म्हणला. "लई काम केलं." आन सावकाश वायर काढली. मंग नवी डिस्क नेटच्या डब्याला जोडली, तिलाबी तसाच निळा लाईट होता.

मी घरी आलो. पिठाच्या डब्यावरून शांताचा मोबाईल घेतला, धूळ पुसली आन पिनला लावला. दुसऱ्या दिशी सांजच्याला खानावळवाल्याला आज डबा नको म्हणून सांगितलं. परात घेतली, ज्वारीचं पीठ घेतलं. अख्ख्या गावाचं पीठ मी दळलं, पण त्याची भाकर कशी होती ते मी कधी बघितलं न्हाई. पाणी जादा झालं. पीठ घातलं. पीठ जादा झालं. मंग शांताचा मोबाईल डब्यावर उभा केला आन ती जिथं बोट लावायची तिथं बोट लावलं.

पहिली भाकर तव्यावर टाकतानाच तुटली. दुसरी एका बाजूनं करपली. गाण्यातलं मला अर्धंच ऐकू येत होतं, पण हात चालू राह्यला. तिसरी जरा बरी आली. ती हातात घेतली, चटका बसला, तसाच परसात गेलो.

भानूतात्या भिंतीपाशी उभा होता. ताट दोन्ही हातांनी धरलेलं, त्यातून पाणी निथळत होतं. धावत आला असावा. दम लागला होता त्याला.

"न सांगता लावलंस," तो म्हणला.

"गप. ताट धर."

मी भाकर त्याच्या ताटात टाकली. त्यानं ती उलटून बघितली, पुढून बघितली, मागून बघितली.

"वहिनीची गोल असायची."

"पाहिजे तर खा, न्हाई तर दे इकडं."

त्यानं ताट छातीशी धरलं. "मीठ हाय का?"

मी मीठ आणाय घरात आलो. आत गाणं चालूच होतं. तव्यावर चौथी भाकर टाकली, तात्याच्या हिशेबात धरून.